कुरटे बेट : कोल्हापूरचे समुद्रातील दार

कोल्हापूरला समुद्र नाही. पंचगंगा कृष्णेला मिळते आणि कृष्णा पूर्वेकडे वाहत बंगालच्या उपसागराला जाते. सह्याद्री पश्चिमेला इतका जवळ असूनही या शहराचे पाणी अरबी समुद्राकडे पाठ फिरवून निघते. असे असूनही अठराव्या शतकात सुमारे शंभर वर्षे करवीर राज्याच्या मालकीचे एक बेट अरबी समुद्रात होते. मालवणच्या किनाऱ्यासमोर, जेमतेम अर्ध्या मैलावर असलेल्या या खडकाळ बेटाचे नाव कुरटे. आज ते सिंधुदुर्ग या नावानेच ओळखले जाते, कारण किल्ल्याने बेट पुरते व्यापले आहे.

मालवणला जाणारी बहुतेक कोल्हापूरकर कुटुंबे हा किल्ला पाहून येतात. होडीतून उतरावे, दर्शन घ्यावे, तटावरून फेरी मारावी आणि परतावे, एवढ्यात दोन तास सरतात. परंतु एवढेसे बेट राज्याला कशासाठी हवे होते, ते कसे टिकले आणि कोल्हापूरच्या हातून कसे गेले, ही हकीकत व्यापारी घराण्यांनी मुद्दाम समजून घेण्यासारखी आहे.

बेटाची जागा

बेटाचे क्षेत्रफळ सुमारे ४८ एकर. एखाद्या बागाईतदाराच्या जमिनीएवढे हे क्षेत्र. त्यावर ना नदी, ना डोंगर, ना पोटापुरते पिकणारे शेत. विषुववृत्ताच्या उत्तरेस सोळा अंशांवर असल्याने हवा बारमाही उष्ण व दमट. जूनच्या आरंभी नैऋत्येचे वारे सुटले की समुद्र खवळतो आणि होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक या चार महिन्यांतच कोसळतो. नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा झाली की दर्यावर्दी पुन्हा पाण्यात उतरतात. घाटावर चातुर्मासात प्रवास आवरता घेण्याची जुनी रीत आहे. किनाऱ्यावर ती रीत निसर्गच पाळायला लावतो.

बेटाभोवतीचा समुद्र शांत दिसला तरी फसवा आहे. पाण्याखाली आणि पाण्याच्या पातळीला जागोजागी खडक पसरलेले आहेत. कोणत्या भरतीला कोणत्या खडकावरून होडी जाते आणि कोणत्या ओहोटीला ती फुटते, हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या येथील कोळी, भंडारी आणि गाबीत दर्यावर्दींच्या अंगी मुरलेले आहे. परक्या जहाजाला मालवणच्या बंदरात वाटाड्यावाचून शिरणे अवघड होते. बेटाचा पहिला तट या खडकांचाच होता आणि त्याच्या किल्ल्या स्थानिक तांडेलांच्या हाती होत्या.

समुद्रात गोडे पाणी

खाऱ्या पाण्याने वेढलेल्या या बेटावर तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. त्यांची नावे दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. पाहुण्यांना हा चमत्कार वाटतो, पण त्यामागचे शास्त्र साधे आहे.

एक लिटर गोडे पाणी साधारण एक किलो भरते, तर समुद्राचे तेवढेच पाणी सुमारे २५ ग्रॅमने जड असते. पावसाचे पाणी बेटाच्या भेगांतून आणि मातीतून झिरपत खाली गेले की ते खाली मुरलेल्या खाऱ्या पाण्यावर दुधावरच्या सायीसारखे तरंगते. ज्या बेटांची जमीन पाणी मुरू देणारी असते, तेथे गोड्या पाण्याची पातळी समुद्राहून एक फूट उंच असेल, तर त्याखाली सुमारे चाळीस फुटांपर्यंत गोडे पाणी असते, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे.

याच हिशेबाची दुसरी बाजू मोठी कठोर आहे. विहिरीतून बेसुमार उपसा केला आणि वरची पातळी एक फूट खाली गेली, तर खालचे खारे पाणी चाळीस फूट वर चढू लागते. एकदा ते विहिरीत शिरले की पुन्हा गोडे पाणी येण्यास कित्येक पावसाळे जावे लागतात. म्हणून बेटावरचा माणूस पाणी भांडवलासारखे वापरतो. पावसाने घातलेले व्याज तेवढे खर्चायचे आणि मुद्दलाला हात लावायचा नाही, असा हा नियम आहे. साडेतीनशे वर्षे या विहिरींनी माणसे जगवली, यात निसर्गाच्या देणगीइतकाच वापरणाऱ्यांच्या संयमाचाही वाटा आहे.

राजा कैदेत, काम चालू

१६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरत लुटली आणि त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला मालवणच्या किनाऱ्यावर नव्या जलदुर्गाचा मुहूर्त झाला. किनाऱ्यावरच्या ज्या खडकावर पूजा झाली, तो मोरयाचा धोंडा आजही दाखवला जातो. त्यावर गणपती, चंद्र आणि सूर्य कोरलेले आहेत. उत्तरेस जंजिऱ्याचा सिद्दी, दक्षिणेस गोव्याचे पोर्तुगीज आणि वखारी थाटून बसलेले इंग्रज व डच यांच्यामध्ये स्वराज्याला स्वतःचे सागरी ठाणे हवे होते. त्या काळी पोर्तुगीजांचा परवाना घेतल्याशिवाय या समुद्रात व्यापारी जहाज हाकारणे धोक्याचे असे. आपल्याच किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्याने दुसऱ्याकडून परवाना मागावा, ही गोष्ट राज्यकर्त्याला सलणारी होती.

बांधकामाची धुरा हिरोजी इंदुलकर यांच्याकडे असल्याचे सांगितले जाते. पायाचे दगड बसवताना शिशाचा रस ओतला, अशी परंपरेची माहिती आहे. १६६५ च्या फेब्रुवारीत, म्हणजे पाया घातल्यावर तीन महिन्यांच्या आत, महाराज मालवणहूनच आरमार घेऊन दक्षिणेकडे बसरूरच्या मोहिमेवर निघाले. तीन मोठी गलबते आणि ८५ लहान जहाजे त्यांच्यासोबत होती.

त्यानंतर काळ फिरला. जून १६६५ मध्ये पुरंदरचा तह झाला आणि २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले. पुढच्या वर्षी मे महिन्यात महाराज आग्र्यास पोहोचले, तेथे कैदेत पडले आणि ऑगस्टमध्ये निसटले. या सर्व काळात कुरटे बेटावरचे काम चालूच राहिले. दगड होड्यांतून येत होते, चुना मळला जात होता, भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून पाथरवट कामाला लागत होते. २९ मार्च १६६७ रोजी किल्ला पुरा झाला. धनी शेकडो मैल दूर आणि संकटात असताना पेढीचे काम एक दिवसही न थांबणे म्हणजे काय, हे व्यवहारात मुरलेल्या वाचकाला वेगळे सांगायला नको. माणसे पारखून घेतली, जबाबदाऱ्या नेमून दिल्या आणि पैशाची तजवीज आधीच केली, तरच असे घडते.

तटाची लांबी सुमारे तीन किलोमीटर, उंची सुमारे तीस फूट आणि रुंदी बारा फूट. बेटाचा काठ जसा वाकतो तसाच तट वाकत गेला आहे, म्हणून त्याला ४२ बुरूज आले. मुख्य दरवाजा दोन बुरुजांच्या वळणात असा दडवला आहे की होडी अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. समोर किनाऱ्यालगत पद्मगड, बंदरावर राजकोट, उत्तरेस कोळंबच्या खाडीमुखाशी सर्जेकोट अशी लहान ठाणी उभी राहिली. सिंधुदुर्ग हा त्या साखळीतला मुख्य दुवा होता.

घाट, पेठ आणि बंदर

आता बेटावरून दृष्टी घाटाकडे वळवावी लागते, कारण बेटाची खरी किंमत तेथे कळते.

कोकणची बंदरे आणि घाटावरच्या पेठा यांचे नाते फार जुने आहे. गगनबावड्याहून घाट उतरला की खारेपाटण लागते. येथे सापडलेला शिलाहार राजा रट्टराजाचा ताम्रपट १००८ सालचा आहे. मंदिराच्या खर्चासाठी परदेशातून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे एक गद्याण सोने द्यावे, अशी तरतूद त्यात आहे. हजार वर्षांपूर्वी कोकणच्या खाडीत परदेशी गलबते नियमाने येत असत आणि त्यांच्यावरचा कर ठरलेला होता, एवढे यातून स्पष्ट होते. खारेपाटणला जुने जैन मंदिरही आहे. व्यापाराच्या वाटेने समाजही घाटाखाली उतरला, याची ती खूण मानता येईल.

फोंडा, बावडा आणि आंबोली या घाटवाटांनी बैलांचे तांडे ये-जा करीत. वरून गूळ, धान्य, मिरची, तंबाखू उतरे. खालून मीठ, नारळ, खोबरे, सुपारी, आमसूल चढे. मालवण हे नाव ‘महालवण’ यावरून आले, अशी एक व्युत्पत्ती सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, येथील मिठागरांनी घाटावरच्या किती घरांत चव पोहोचवली, हे त्या नावातून सुचते. कोल्हापूरच्या पेठेतील दुकानदाराला समुद्र दिसत नव्हता, पण त्याच्या तागडीत समुद्र रोज येत होता.

छत्रपती राजाराम महाराजांच्या निधनानंतर महाराणी ताराबाईंनी राज्य राखले आणि १७१० च्या सुमारास पन्हाळ्यास करवीरची गादी स्वतंत्र झाली. १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा आणि करवीर या दोन राज्यांच्या सीमा ठरल्या. सिंधुदुर्ग आणि मालवण करवीरकडे राहिले. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, १६९५ च्या सुमारास, बेटावर शिवराजेश्वराचे मंदिर उभे राहिले होते. त्यामुळे हा किल्ला करवीरच्या गादीसाठी लष्करी ठाण्याबरोबरच घराण्याचे श्रद्धास्थानही होता.

याच करवीर दरबारातील रामचंद्रपंत अमात्य बावडेकर यांनी १७१५ च्या सुमारास ‘आज्ञापत्र’ लिहिले. राज्यकारभाराच्या या लहानशा ग्रंथात व्यापारी आणि आरमार या दोन्हींवर स्वतंत्र प्रकरणे आहेत, ही बाब लक्षणीय आहे. व्यापारी ही राज्याची शोभा असून त्यांच्यामुळे परमुलखातील वस्तू येतात, अडचणीच्या वेळी राज्याला कर्ज मिळते, म्हणून त्यांना त्रास होऊ देऊ नये, उलट बोलावून आणून वसवावे, असा अमात्यांचा उपदेश आहे. समुद्रावर फिरणाऱ्या सावकारी जहाजांना अभय द्यावे, असेही ते सांगतात. टोपीकर म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांविषयी मात्र त्यांनी सावध केले आहे: त्यांच्या पाठीशी राजे आहेत, त्यांना खाडीच्या तोंडाशी किंवा किनाऱ्यावर जागा देऊ नये. जहाजासाठी लागणारे लाकूडही रयतेची आंबा-फणसाची झाडे जबरीने तोडून आणू नये, धन्याला राजी करून मोबदला देऊन घ्यावे, इतका बारीक विचार त्यात आहे.

या विचाराचे सार असे की आरमाराचे बळ तोफेत जेवढे असते, त्याहून अधिक किनाऱ्यावरच्या माणसांच्या आणि व्यापाऱ्यांच्या विश्वासात असते. पुढच्या शंभर वर्षांत हेच सार विसरले गेले.

फोर्ट ऑगस्टस

करवीर राज्य लहान, शेजारी बलाढ्य. एका बाजूस पेशवे आणि पटवर्धन, दुसऱ्या बाजूस सावंतवाडीकर. सतत लढाया आणि सतत पैशाची ओढ. आरमाराचा खर्च भागेना, तेव्हा मालवणचे अधिकारी समुद्रावरून जाणाऱ्या जहाजांकडून जबरीने वसुली करू लागले. ज्याच्याकडे दस्तक म्हणजे परवाना नसेल ते जहाज पकडण्याचा हक्क त्या काळच्या सर्वच सागरी सत्ता सांगत. पोर्तुगीज आणि इंग्रजही तेच करीत. तथापि दस्तक असलेल्याला अभय मिळालेच पाहिजे, हा त्या व्यवहाराचा कणा होता. तो मोडला की कर आणि लूट यांत भेद उरत नाही. इंग्रजांच्या दप्तरांत मालवणकरांची नोंद चाचे म्हणून होऊ लागली. त्या नोंदीत त्यांचा स्वार्थ होता, हे खरे. पण व्यापारी जहाजे मालवणच्या पाण्याला भिऊ लागली होती, हेही तितकेच खरे.

१७६५ च्या आरंभी मुंबईच्या इंग्रजांनी मेजर गॉर्डन आणि कॅप्टन वॉटसन यांच्या हाताखाली आरमार पाठवून सिंधुदुर्ग घेतला आणि त्याचे नाव ‘फोर्ट ऑगस्टस’ ठेवले. त्या वेळी कोल्हापुरात महाराणी जिजाबाई राज्य सांभाळीत होत्या. इंग्रजांचा बेत किल्ला कायम ठेवण्याचा होता, परंतु थोड्याच दिवसांत त्यांनी हिशेब मांडला. तटाची डागडुजी, शिबंदीचा पगार, धान्य आणि दारूगोळा यांचा खर्च मोठा. उत्पन्न मात्र काहीच नाही. मागे घाट नाही, पेठ नाही, वसुलाचा मुलूख नाही, तर ४८ एकर खडक सांभाळून काय मिळणार? पुढच्याच वर्षी, १७६६ मध्ये, पावणेचार लाखांहून थोडी अधिक रक्कम आणि व्यापाराला उपद्रव न देण्याची हमी घेऊन त्यांनी किल्ला कोल्हापूरला परत दिला.

हा प्रसंग बेटाच्या इतिहासातील सर्वांत बोलका आहे. जे ठाणे इंग्रजांना तोट्याचे वाटले, तेच सोडवण्यासाठी कोल्हापूरने एवढी मोठी रक्कम मान्य केली, कारण कोल्हापूरकडे त्याच्या पाठीमागचा घाट आणि पेठ होती. बेटाचे मोल बेटावर नव्हते. ते ज्याच्याशी जोडलेले होते त्यात होते.

परंतु दिलेली हमी पाळली गेली नाही. कारभार ढिला झाला, आरमाराच्या अंमलदारांवर दरबाराचा वचक राहिला नाही आणि जहाजांना उपद्रव पुन्हा सुरू झाला. १७९२ मध्ये इंग्रजांनी स्वारीची तयारी केली, तेव्हा १७८५ पासून इंग्रज व्यापाऱ्यांच्या झालेल्या नुकसानीची भरपाई देण्याचे कोल्हापूरने कबूल केले. शिवाय मालवण आणि कोल्हापूर येथे इंग्रजांना वखार घालू देण्याचे कलम स्वीकारावे लागले. टोपीकरांना किनाऱ्यावर जागा देऊ नये, हा अमात्यांचा इशारा लिहिला गेला त्याला तेव्हा पाऊणशे वर्षे झाली होती.

शेवट १८१२ मध्ये आला. त्या वर्षी १ ऑक्टोबरच्या तहाने करवीरच्या शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गासह मालवण बंदर इंग्रजांच्या हवाली केले, चिकोडी आणि मनोळीवरचा हक्क सोडला, आणि त्या बदल्यात उरलेल्या राज्याच्या रक्षणाची हमी घेतली. एका लहान राज्याने आपले अस्तित्व वाचवले, पण समुद्राकडचे दार कायमचे बंद झाले. किल्ला तोफांनी पडला नव्हता. पत गेल्यामुळे तो हातचा गेला. भिंती पाडून घेतलेले घर पुन्हा बांधता येते, बाजारात बुडालेली पत पुन्हा उभारणे किती कठीण असते, हे पेढीवर बसणाऱ्याइतके कोणाला ठाऊक असणार?

दार बंद झाल्यावर

कोल्हापूरने पुढे दुसरी वाट शोधली. १८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली आणि माल घाट उतरण्याऐवजी पूर्वेकडून लोहमार्गाने मुंबईला जाऊ लागला. १८९५ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी शाहूपुरीची पेठ वसवली आणि गुळाच्या व्यापाराने तिचे नाव दूरवर गेले. व्यापाऱ्यांना बोलावून वसवावे, त्यांना जागा आणि अभय द्यावे, हा अमात्यांचा उपदेश शेवटी समुद्रकिनारी न फळता रेल्वे स्थानकाच्या शेजारी फळाला आला. बेटाशी असलेले नाते मात्र तुटले नाही. शिवराजेश्वर मंदिराचा सभामंडप कोल्हापूरच्या गादीकडूनच उभा राहिला. मुलूख गेला तरी देवघर राखले गेले.

बेटावर आजही थोडी कुटुंबे राहतात. पावसाळ्यापूर्वी ती धान्य, मीठ, तेल, इंधन भरून ठेवतात, कारण समुद्र बंद झाला की किनारा समोर दिसत असूनही दूर जातो. १९८७ मध्ये मालवणचा समुद्र सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर आहे. बेटाभोवतीच्या खडकांवर प्रवाळ आहेत. दगडासारखी दिसणारी ही सृष्टी सूक्ष्म जीवांची वसाहत असून ती अतिशय मंद गतीने वाढते. नांगर टाकताना, खडकावर पाय देताना किंवा आठवण म्हणून तुकडा उचलताना तेथे शेकडो जीव नष्ट होतात, हे पाहुण्याच्या सहसा लक्षात येत नाही.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्या बारांत सिंधुदुर्ग आहे आणि पन्हाळाही आहे. ज्या डोंगरी किल्ल्यावर करवीरची गादी स्थिरावली आणि ज्या जलदुर्गाने तिला समुद्र दाखवला, ते दोन्ही आता एकाच यादीत आले आहेत. या मानाने पाहुण्यांची संख्या वाढणार, होडीवाल्यांना आणि दुकानदारांना काम मिळणार, हे स्वागतार्ह आहे. त्याचबरोबर विहिरींवरचा भार वाढेल आणि कचराही वाढेल. पंचगंगेच्या काठचे शहर पाण्याची उधळपट्टी काही काळ खपवून घेऊ शकते. ४८ एकरांच्या बेटाला ती सोय नाही. तेथे खाली खारे पाणी वाट पाहत असते.

येत्या नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा सुरू होतील आणि कोल्हापूरची अनेक कुटुंबे मुलाबाळांसह मालवणला जातील. किल्ल्याच्या दरवाजातून आत शिरताना मुलांना एवढे सांगता येईल की हे बेट एके काळी आपल्या गावचे होते. ते मापाने पाणी वापरणाऱ्यांनी जगवले, धनी कैदेत असतानाही हात न थांबवणाऱ्यांनी बांधले आणि दिलेला शब्द न पाळणाऱ्यांनी घालवले. दूधबावेजवळ उभे राहून सांगितले, तर ते त्यांच्या अधिक ध्यानात राहील. सोबतची पाण्याची रिकामी बाटली मात्र परत आणावी.